कंपवात आणि दूरस्थ उपचार : व्हिडिओ कॉलवर न्यूरॉलॉजिस्टचा सल्ला घेताना

कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार, एकदा जडला की रुग्णाचा आणि न्यूरॉलॉजिस्टचा संबंध अनेक वर्षांचा, कित्येकदा दोन दशकांचा होतो. आजार हळूहळू वाढत जातो आणि त्याबरोबर गोळ्यांच्या वेळा व मात्रा पुनःपुन्हा बदलाव्या लागतात. न्यूरॉलॉजिस्ट मात्र प्रामुख्याने मोठ्या शहरांतच असतात. गडचिरोलीच्या कुटुंबाला नागपूर गाठावे लागते, सिंधुदुर्गातील अनेकजण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातात, तर लातूर-सोलापूरकडचे लोक पुण्याची वाट धरतात. या प्रवासात गोळीची वेळ चुकते, वाटेत लघवीला जावे लागेल म्हणून रुग्ण पाणी पीत नाही, झोप होत नाही, आणि शेवटी डॉक्टरांसमोर बसलेला माणूस घरात रोज वावरणाऱ्या माणसापेक्षा निराळाच दिसतो. व्हिडिओ कॉलवरील तपासणीचा खरा फायदा इथे आहे: रुग्ण आपल्या घरात, आपल्या वेळेत आणि आपल्या उंबरठ्याशी अडखळताना डॉक्टरांना दिसतो. हा फायदा मिळतो की नाही, हे मात्र बव्हंशी घरातील शुभंकराने, म्हणजे काळजी घेणाऱ्या व्यक्तीने, कॉलच्या आधी काय तयारी केली यावर ठरते.

व्हिडिओवर काय होऊ शकत नाही, हे आधी समजून घ्यावे. डॉक्टर रुग्णाचे मनगट आणि कोपर आपल्या हातांनी हलवून स्नायूंचा ताठरपणा अजमावतात, तसेच रुग्णाच्या मागे उभे राहून त्याचे खांदे एकदम मागे ओढून तोल सावरता येतो का ते पाहतात. या दोन तपासण्या पडद्यावरून होत नाहीत, आणि दुसरी तर घरच्यांनी हौसेनेही करून पाहू नये, कारण प्रशिक्षण नसताना तिचा शेवट मांडीचे हाड मोडण्यात होऊ शकतो. बोटांची हालचाल, पावलांचा ठेका, खुर्चीतून उठणे, चालणे, वळणे, चेहरा, आवाज आणि हाताचा कंप या गोष्टी मात्र कॅमेऱ्यातून पुरेशा कळतात. म्हणून पहिले निदान प्रत्यक्ष भेटीतच करून घ्यावे. कंपवातासारखी दिसणारी इतरही दुखणी असतात, काही औषधांमुळेही हुबेहूब तशी लक्षणे उद्भवतात, आणि त्यांचा निवाडा हात लावून तपासल्याशिवाय करणे धोक्याचे असते. पुढच्या भेटींपैकी बऱ्याच भेटी घरून होऊ शकतात.

किती दिवसांनी प्रत्यक्ष जावे, याला नियमांचाही एक आधार आहे. भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे 25 मार्च 2020 रोजी जाहीर झाली. त्यांनुसार त्याच डॉक्टरांकडे, त्याच आजारासाठी, प्रत्यक्ष भेटीनंतर 6 महिन्यांच्या आत घेतलेला दूरस्थ सल्ला हा पाठपुराव्याचा सल्ला मानला जातो आणि त्यात डॉक्टरांना औषधे चालू ठेवण्याची वा त्यांत भर घालण्याची अधिक मोकळीक असते. त्यामुळे दर 6 महिन्यांनी एक प्रत्यक्ष भेट आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉल, अशी घडी बसवणे मला सर्वांत सोयीचे वाटते. डॉक्टरांनी पाठवलेल्या चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. अमली आणि मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधे दूरस्थ पद्धतीने लिहून देण्यावर निर्बंध आहेत, म्हणून झोपेची एखादी गोळी कॉलवर लिहून मिळाली नाही तर डॉक्टरांशी हुज्जत घालू नये. रुग्ण शेजारी असेल तर शुभंकराने बोलायला हरकत नसते. रुग्ण कॉलवर येऊ शकत नसेल, तर मात्र त्याने दिलेले अधिकारपत्र किंवा नाते सिद्ध करणारा कागद तयार ठेवावा.

कॉलच्या आधीचे चार दिवस

डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडणारा कागद म्हणजे तासावार नोंद. कंपवाताचे मुख्य औषध लेवोडोपा हे गोळी घेतल्यावर काही वेळाने काम करू लागते आणि काही तासांनी त्याचा असर उतरतो. आजार जुना होत जातो तसा हा मधला चांगला काळ आखडत जातो. त्यामुळे ‘दिवसभर बरे नसते’ या वाक्यातून डॉक्टरांना फारसे काही हाती लागत नाही. ‘सकाळी 7 ला गोळी घेतली, पावणेआठला पाय सुटले, साडेदहाला पुन्हा जड झाले, 11 ची गोळी जेवणानंतर घेतली आणि तिचा असर जाणवलाच नाही’ ही नोंद मात्र त्यांना मात्रा वाढवावी, दोन गोळ्यांमधील अंतर कमी करावे, की फक्त जेवणाची वेळ बदलावी हे सांगून जाते. कॉलच्या आधीचे तीन-चार दिवस अशी नोंद ठेवावी. साध्या वहीत पाच रकाने पुरतात: वेळ, गोळी, खाणे, हालचाल कशी होती, आणि शरीर आपोआप वळवळत होते का. शेवटचा रकाना विसरू नये. नको असलेली ही वळवळ बहुधा औषधाचा परिणाम असते आणि घरचे लोक तिलाच कंप समजून आणखी गोळी देतात, असे वरचेवर घडते.

गोळीचे नाव पूर्ण लिहावे. आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या सिंडोपा या गोळीचेच पाहा: 110 म्हणजे 100 मिलिग्रॅम लेवोडोपा आणि 10 मिलिग्रॅम कार्बिडोपा, 275 म्हणजे 250 आणि 25, प्लस निराळी आणि सावकाश विरघळणारी सीआर आणखी निराळी. ‘ती पिवळी गोळी, अर्धी’ असे सांगितल्यास पलीकडच्या डॉक्टरांना अंदाज बांधावा लागतो. सर्व पट्ट्या एका ताटात मांडून, नावे वाचता येतील असा फोटो काढून आदल्या दिवशी पाठवावा. त्या ताटात रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, लोहाच्या आणि आयुर्वेदिक गोळ्याही असू द्याव्यात. लोहाची गोळी लेवोडोपाचे शोषण कमी करते, म्हणून दोन्हींच्या वेळा लांब ठेवाव्या लागतात. खाजकुहिलीच्या, म्हणजे कपिकच्छूच्या, बियांत तर निसर्गतःच लेवोडोपा असतो. वैद्यांकडून तिचे चूर्ण चालू असेल आणि ते न्यूरॉलॉजिस्टना माहीत नसेल, तर त्यांचा मात्रेचा सगळा हिशेब चुकतो. खाण्याच्या रकान्यालाही असेच महत्त्व आहे. डाळ, दूध, अंडी, मांस यांतील प्रथिने लेवोडोपाच्या वाटेत येतात, म्हणून गोळी साधारणपणे जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर निदान एका तासाने घ्यायची असते. प्रथिने बंद करायची नसतात. वेळ सांभाळायची असते.

रक्तदाब दोन प्रकारे मोजावा. रुग्णाला पाच मिनिटे आडवे ठेवून एकदा, आणि उभे केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. उभे राहिल्यावर वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरत असेल, तर चक्कर आणि पडणे यांचे कारण तिथे असू शकते, आणि हे पडद्यावर पाहून कोणालाही कळत नाही. घरी यंत्र नसेल तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून मोजून आणावे आणि वजनही तिथेच करून घ्यावे. याखेरीज बद्धकोष्ठ किती दिवसांचे आहे, जेवताना ठसका लागतो का, महिन्यात किती वेळा तोल गेला, झोपेत हातपाय झाडले जातात का, नसलेली माणसे वा मुंग्या दिसतात का, हे एकेका ओळीत लिहावे.

एक विषय असा आहे की तो रुग्णासमोर काढणे जड जाते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या औषधांमुळे काही रुग्णांना अनावर खरेदी, ऑनलाइन जुगार, लॉटरी, अति खाणे किंवा लैंगिक वर्तनातील बदल यांची ओढ लागते. घरचे लोक याला उतारवयातील चळ समजून गप्प बसतात आणि रुग्णही ते लपवतो. हा औषधाचा परिणाम असू शकतो आणि मात्रा बदलल्यावर बहुधा कमी होतो. कॉलवर सर्वांदेखत हे बोलण्याऐवजी आदल्या दिवशी डॉक्टरांना लेखी कळवावे. डॉक्टर तो विषय आपल्या पद्धतीने काढतात. भास आणि संशय यांनाही हेच लागू आहे, विशेषतः संशय पत्नीवर किंवा सुनेवर असेल तेव्हा.

चित्रीकरण

बहुतेक न्यूरॉलॉजिस्टना कॉलआधी लहान व्हिडिओ मिळालेले आवडतात, कारण चालू कॉलमध्ये चित्र अडकते आणि अडकलेले चित्र व अडखळलेली चाल यांत फरक करणे अवघड जाते. फोन हातात न धरता टेबलावर टेकवून आडवा ठेवावा. प्रकाश रुग्णाच्या समोरून यावा. पाठीमागे उघडी खिडकी असेल तर रुग्णाची नुसती काळी आकृती दिसते. पावले दिसली पाहिजेत, म्हणून लांब साडी, धोतर किंवा लुंगी यांऐवजी घोट्याच्या वर येणारा कपडा असावा. घरात वापरतात तीच चप्पल किंवा अनवाणी पाय चालतील, मात्र पायमोजे घसरतात म्हणून नकोत.

सुरुवातीला रुग्णाला टेकू नसलेल्या खुर्चीत बसवून हात मांडीवर मोकळे ठेवायला सांगावे आणि अर्धा मिनिट काहीही न बोलता चित्रीकरण करावे. विश्रांतीतील कंप असाच दिसतो. त्यानंतर अंगठा आणि तर्जनी दहादा मोठी उघडमीट, मूठ उघडणे-मिटणे, तळवा उलटा-सुलटा करणे आणि टाच टेकवून पाऊल आपटणे, हे प्रत्येक बाजूने वेगवेगळे करावे. मग हात छातीवर बांधून खुर्चीतून उठणे, आणि शेवटी चार-पाच मीटर चालून, वळून परत येणे. वळताना किती पावले पडतात हे डॉक्टर मोजत असतात, त्यामुळे वळण चौकटीच्या बाहेर जाऊ देऊ नये. दारात, न्हाणीघराच्या तोंडाशी किंवा पलंग आणि कपाट यांच्या मधल्या बोळकांडीत पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत असतील, तर तिथलेच चित्रण वेगळे करावे, कारण दवाखान्याच्या रुंद मार्गिकेत हे लक्षण बहुधा दिसतच नाही. चालताना एक माणूस हाताच्या अंतरावर असलाच पाहिजे. त्याने आधार तयार ठेवावा, पण ‘उचला पाय, मोठे पाऊल टाका’ असे सांगू नये. ठेका किंवा सूचना मिळाली की अनेकांची चाल तात्पुरती सुधारते आणि डॉक्टरांना खोटे चित्र मिळते.

प्रत्येक व्हिडिओबरोबर शेवटची गोळी किती वाजता घेतली होती ते लिहावे. त्यावाचून व्हिडिओचा निम्मा अर्थ हरवतो. शक्य असल्यास एक चित्रण असर असतानाचे आणि एक असर उतरल्यावरचे पाठवावे, पण वाईट अवस्था दाखवण्यासाठी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी लांबवू नये. रुग्णाच्या हाताने एकच वाक्य तीन-चारदा लिहून घेऊन त्याचा फोटोही पाठवावा. ओळीगणिक बारीक होत जाणारे अक्षर हे जुने आणि भरवशाचे लक्षण आहे.

प्रत्यक्ष कॉल

कॉलची वेळ मागतानाच रुग्णाचा चांगला काळ कोणता ते सांगावे. सकाळी 8 च्या गोळीवर साडेनऊला बोलता येणारा माणूस साडेअकराला पुटपुटत असेल, तर साडेअकराची वेळ घेऊन उपयोग नाही. आवाज खोल गेलेला असतो, म्हणून माइक असलेले इअरफोन वापरावेत किंवा फोन तोंडाजवळ आणावा, आणि दूरदर्शन, पंखा, कुकर बंद ठेवावेत. उत्तर यायला वेळ लागतो, हे डॉक्टरांना माहीत असते. घरच्यांनाच ते सहन होत नाही. प्रश्न रुग्णाला असेल तर दहापर्यंत मनात मोजून थांबावे आणि त्याच्या वतीने उत्तर देऊन टाकू नये. चेहरा निर्विकार दिसतो म्हणून त्याला काही वाटत नाही असेही समजू नये.

येथे एक गोष्ट स्पष्टच सांगतो. पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांत कॉलवर परदेशातील मुलगा किंवा मुलगीही जोडलेली असते आणि तीच सर्वाधिक बोलते. त्यांची काळजी खरी असते, परंतु रात्री अडीचला रुग्णाला कूस बदलायला मदत करणारी व्यक्ती दुसरी असते, आणि डॉक्टरांना तिचे ऐकायचे असते. परदेशातील मंडळींनी प्रश्न आधी लिहून द्यावेत आणि कॉलवर ऐकावे.

मुख्य अडचणी तीन ठरवाव्यात आणि सर्वांत त्रासदायक ती आधी सांगावी. औषधात बदल झाला तर तो तिथल्या तिथे उलट वाचून दाखवावा: कोणती गोळी, किती, किती वाजता, जुनी बंद की चालू, आणि किती दिवसांनी परिणाम पाहायचा. लेखी चिठ्ठी आल्याशिवाय बदल अमलात आणू नये, आणि औषधाच्या दुकानात जुन्या पट्टीऐवजी नवी चिठ्ठी दाखवावी.

गावातील डॉक्टर

दूरस्थ उपचार चालू असताना जवळच्या फॅमिली डॉक्टरांना बाजूला ठेवणे परवडत नाही. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, छाती भरणे, पडल्यावर टाके, हे सारे त्यांनाच पाहावे लागते, आणि चार-दोन दिवसांत कंपवात एकाएकी बळावल्यासारखा वाटला तर बहुतेक वेळा कारण आजारात नसून अशा संसर्गात, बद्धकोष्ठात किंवा नव्याने सुरू झालेल्या औषधात सापडते. यासाठी एक कार्ड करून रुग्णाच्या पाकिटात आणि कपाटाच्या दारावर लावावे. त्यावर चालू गोळ्या आणि वेळा असाव्यात, आणि ठळक अक्षरांत टाळायच्या औषधांची नावे असावीत: उलटीसाठी दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड, म्हणजे पेरिनॉर्म, प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे स्टेमेटिल, चक्करसाठी सहज दिले जाणारे सिनारिझिन, म्हणजे स्टुजेरॉन, त्याच्याच जातीचे फ्लुनारिझिन, आणि भ्रमिष्टपणासाठी दिले जाणारे हॅलोपेरिडॉल. ही औषधे मेंदूतील डोपामिनचे, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या रसायनाचे, काम अडवतात आणि कंपवात वाढवतात. चक्कर आली, शेजारच्याने गोळी दिली, आणि महिनाभरात चालणे गेले, अशी साखळी कार्डामुळे तुटू शकते. उलटीसाठी डोम्पेरिडोन सहसा चालते, मात्र हृदयविकार असल्यास तेही विचारूनच घ्यावे. न्यूरॉलॉजिस्टची प्रत्येक नवी चिठ्ठी फॅमिली डॉक्टरांनाही पाठवावी.

सरकारच्या ई-संजीवनी सेवेचा उपयोगही असाच पूरक म्हणून करावा. आरोग्य मंदिरातून तिथले अधिकारी वरच्या केंद्रातील डॉक्टरांशी जोडून देतात. तापासारख्या दुखण्यासाठी ते पुरते, परंतु लेवोडोपाची मात्रा ठरवणे आपल्या नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्टकडेच ठेवावे.

कॉलची वाट पाहू नये असे प्रसंग

डोक्याला मार लागला असेल, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना; घास अडकून श्वास कोंडत असेल; चेहरा एका बाजूला वाकडा होऊन हात लुळा पडला असेल; किंवा गोळ्या चुकल्यानंतर तीव्र ताप, अंग लाकडासारखे ताठ आणि शुद्ध हरपणे असे एकत्र दिसत असेल, तर 108 ला फोन करून रुग्णालय गाठावे. शेवटचा प्रसंग लेवोडोपा एकदम बंद केल्यामुळे ओढवू शकतो आणि जीवघेणा ठरतो. म्हणून उपवास, शस्त्रक्रिया, पुरात तुटलेला रस्ता किंवा दुकानातील तुटवडा, कारण काहीही असले तरी ही गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि घरात निदान दोन आठवड्यांचा साठा ठेवावा. रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर गोळ्या घरच्याच वेळेनुसार द्याव्यात, असे परिचारिकांना पहिल्याच दिवशी सांगावे.

औषधांपलीकडचे

भौतिकोपचार आणि वाचा-उपचार हे व्हिडिओवर उत्तम जमतात, किंबहुना रोजची शिस्त लावण्यासाठी घरून केलेले वर्गच बरे. मोठ्याने बोलण्याचा सराव, ठेक्यावर चालणे आणि खुर्चीवरचे व्यायाम यांना फारशी साधने लागत नाहीत. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ आणि मुंबईची पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी या संस्था शुभार्थी, म्हणजे रुग्ण, आणि शुभंकर यांच्यासाठी काम करतात. उदासी हा या आजाराचाच एक भाग असतो. ती रुग्णात किंवा शुभंकरात वाढत असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलता येते. अपंगत्व प्रमाणपत्र मात्र कॉलवर मिळत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवाताचा समावेश आहे, पण त्यासाठी रुग्णाला वैद्यकीय मंडळासमोर नेणे भाग असते, आणि ते 6 महिन्यांच्या भेटीला जोडून उरकावे.

मुलांकडे परदेशी काही महिने राहायला जाणाऱ्यांनी एक नियम ध्यानात ठेवावा. वर सांगितलेली भारतीय मार्गदर्शक तत्त्वे देशाच्या हद्दीबाहेर सल्ला देण्याला लागू होत नाहीत, म्हणून तिकडून इथल्या डॉक्टरांना कॉल करून औषधे बदलून घेण्याच्या भरवशावर जाऊ नये. निघण्यापूर्वी प्रत्यक्ष भेट घ्यावी, मुक्काम संपेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या मूळ पट्ट्यांसह आणि चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत घ्याव्यात, आणि चिठ्ठीवर सिंडोपासारख्या व्यापारी नावाबरोबर लेवोडोपा व कार्बिडोपा ही मूळ नावे त्यांच्या मिलिग्रॅमसह लिहून घ्यावीत, कारण तिथल्या दुकानदाराला आपल्याकडची नावे माहीत नसतात. वेळेच्या फरकामुळे गोळ्या कधी घ्यायच्या, हे विमानात ठरवण्याऐवजी त्याच भेटीत विचारून कागदावर उतरवून घ्यावे.